खिडकीपुरतं रान

दर्शना उतेकरच्या लग्नात रुखवतावर कॅमेरा मांडला होता, ही गोष्ट कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत अजून चवीनं सांगितली जाते. लाडू, चकल्या, करंज्या, खोबऱ्याची वाटी कोरून केलेली बाहुली, तांब्याची घागर, आणि या सगळ्याच्या मधोमध काळा, लांब नळीचा कॅमेरा. बायका वाकून वाकून बघत होत्या. एकीनं तर हे मिक्सरचं नवं भांडं का, म्हणूनही विचारलं. माहेरची माणसं सव गावची, महाडजवळची. ती बिचारी ओशाळून सांगत होती, "पोरगी म्हणाली कपाट नको, कॅमेराच द्या. आमी तरी काय करणार?" सासूबाईंनी, म्हणजे रंगूबाईंनी, कॅमेरा हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला आणि परत ठेवला. "जड हाय," एवढंच त्या म्हणाल्या. पसंत पडला की नाही, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

लग्नाआधी दर्शना महाडच्या बाजारपेठेतल्या एका फोटो स्टुडिओत कामाला होती. फोटो काढायला मालक जायचे. ती मागच्या अंधाऱ्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून लग्नांचे आल्बम करायची. लग्नाच्या फोटोत काय काय घुसतं ते तिला विचारावं. जांभई देणारे मामा, पत्रावळीवर डोळा ठेवून अक्षता टाकणारे पाहुणे, मांडवाच्या खांबाला बांधलेली म्हैस, नवरीच्या बरोबर डोक्यातून उगवलेला विजेचा खांब. हे सगळं क्रॉप करून बाहेर काढायचं आणि आत फक्त नवरा-नवरी ठेवायची, हे तिचं काम. नवरी ज्या बाजूला बघते त्या बाजूला थोडी जागा सोडायची, नाहीतर ती भिंतीला नाक लावून उभी राहिल्यासारखी दिसते, हे तिला मालकांनी शिकवलं. बाकीचं ती आपल्या डोळ्यांनी शिकली. तिच्या हातून गेलेला आल्बम बघून कित्येकांना आपलं लग्न इतकं देखणं झालं होतं हे पहिल्यांदा कळत असे.

मग तिचं स्वतःचं लग्न झालं आणि ती या वाडीत आली. नवरा अनिल मुंबईला कुरियरच्या ऑफिसात. वाडीची मुंबईत एक खोली आहे, मागच्या पिढीनं वर्गणी काढून घेतलेली. वाडीतला जो कुणी नोकरीला जाईल त्यानं तिथं आपली वळकटी नेऊन टाकायची. एकाला लागून एक गाद्या, भिंतीवर वाडीच्या देवीचा फोटो, स्वयंपाकाच्या पाळ्या. तिथं बाईमाणसाला जागा नाही आणि कधी नव्हतीही, त्यामुळे वाडीतल्या बहुतेक बायकांचे नवरे सणाला येतात आणि सण संपला की एस.टी.त बसतात. अनिल माणूस वाईट नाही. फोन रोज करतो, बायकोवर आवाज चढवत नाही. पण दर्शनानं काहीही विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं: "शिमग्याला बघू." शिमग्याला आला की म्हणतो, "गणपतीत बघू." गणपतीत घर माणसांनी भरलेलं असतं, तेव्हा बघणार कोण?

तरी पहिल्या वर्षी दर्शना फिरायची. कॅमेरा गळ्यात अडकवून ओढ्यापर्यंत, वरच्या सड्यापर्यंत, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळापर्यंत. बायका हसायच्या, तीही हसायची. मग भातकापणीच्या दिवसांत रंगूबाई बांधावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, त्या काठी घेऊन पडवीपर्यंत चालू लागल्या. पण त्या बाईच्या मनात भीती बसली ती बसलीच. घरात आपण एकट्या आहोत असं वाटलं की त्यांना घाम फुटे. उठायला जात आणि पडत. दोनदा दर्शना पाण्यावरून परत आली तेव्हा त्या जमिनीवर पडून रडत होत्या. तेव्हापासून दर्शनाचं बाहेर जाणं सुटलं. पाणी शेजारची शकू भरून आणी, किराणा गाडीवाल्याला सांगितला की येई.

"दर्शने! गो दर्शने!"

"काय आई?"

"हाईस का बघितलं."

हे दिवसभर चाले. रंगूबाई काही तिच्यावर पाळत ठेवत नव्हत्या, हाकेला ओ आली की त्यांना धीर येई एवढंच. दर्शनाला ते कळत होतं. कळत होतं म्हणून तर रागावायचीही सोय नव्हती. माणूस दुष्ट असला तर निदान भांडून मोकळं होता येतं.

राहिली स्वयंपाकघराची खिडकी. मागच्या परसाकडं उघडणारी, उभ्या लोखंडी गजांची. खिडकीबाहेर कपड्यांची दोरी, शेजारच्या गोठ्यावरची निळी ताडपत्री, पाण्याची काळी टाकी, विजेची तार, आणि या सगळ्याच्या मागं किंजळीचं मोठं झाड. दिवाळी सरता सरता किंजळीवर फळांचे झुबके तांबूस होऊ लागतात, आतली पानं पिवळी पडत जातात आणि सगळं झाड विटेच्या रंगाचं होतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पानंच लाल झाली. त्या दिवसांत झाडावर पाखरांची जत्रा असते. दयाळ येतो, बुलबुल तर घरचेच, शेपटीचा पंखा उघडमीट करत नाचण येतो. आणि थंडीला जरा धार आली की निखारांचा थवा येतो. नर लालभडक, माद्या पिवळ्या. रंगूबाई त्यांना नुसतं "तांबडी पाखरं" म्हणायच्या. निखार हे नाव दर्शनानं फोनवर शोधून काढलं.

एका सकाळी तव्यावर भाकरी असताना तिनं गजांच्या मधून नळी बाहेर काढून पहिला निखार टिपला. भाकरी करपली. फोटोत पाखरू होतं, पण पाखराबरोबर सासूबाईंचं लुगडं, टाकी, तार आणि एका गजाची धूसर काळी पट्टीही होती. दर्शना पुढं तासभर माहेराहून आणलेल्या लॅपटॉपपुढं बसली. महाडची जुनी सवय हातात जागी झाली. आधी टाकी गेली, मग लुगडं गेलं, मग पट्टी गेली. उरली एक तांबूस फांदी आणि तिच्यावर मान वळवून बसलेला निखार. बघणाऱ्याला वाटावं, हे कुठल्या तरी दाट रानातलं आहे आणि त्या रानाला अंत नाही.

तेव्हापासून हेच सुरू झालं. लाल पाखरू लाल झुबक्यांत हरवतं, म्हणून नर नेमका हिरव्या पानांपुढं येऊन बसेपर्यंत थांबायचं. पिवळी मादी मात्र कुठंही शोभून दिसते. उजवीकडच्या फांदीपुढं टाकी येते, म्हणून पाखरू डावीकडं सरकेपर्यंत श्वास धरून उभं राहायचं. इतकं करून डाळ उतू गेली नाही तर तो दिवस चांगला. महाडच्या पक्षीमित्रांचा फोनवर एक ग्रुप होता, जुन्या मैत्रिणीनं तिला त्यात घातलं होतं. तिथं तिनं एक फोटो टाकला, मग दुसरा. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. कुणीतरी विचारलं, "ताई, हे रान कुठलं?" तिनं लिहिलं, "आमच्या वरच्या अंगाला आहे." हे तसं खोटं नव्हतं. दुसऱ्या वेळी कुणी विचारलं, "फार चालावं लागत असेल?" तिनं लिहिलं, "हो, उजाडायच्या आत निघते. चढ खूप आहे."

हे मात्र सपशेल खोटं होतं. तिला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. उलट त्या दिवशी दुपारी तिच्या पोटऱ्या खरंच चढ चढून आल्यासारख्या दुखल्या आणि ते दुखणं तिला फार गोड वाटलं. मग तिनं हात आखडता घेतला नाही. ओढा ओलांडला, भेकर दिसलं, धुक्यात वाट चुकले, असं काहीबाही ती लिहू लागली. फोटो एवढे सुंदर असत की शंका घेतो कोण? ग्रुपवर तिचं नावच पडलं, रानातल्या ताई.

त्या ग्रुपच्या म्होरक्या प्रियदर्शिनी मॅडम. महाडात त्यांचं छपाईचं मोठं दुकान, कॅलेंडरं, आल्बम, पत्रिका. बाई उत्साही, मोठ्यानं हसणारी, मनानं चांगली. त्यांनी एक दिवस दर्शनाला सरळ फोन केला. "तुमची नजर फार चांगली आहे हो. आणि क्रॉप तर काय करता! आमच्याकडे आल्बमचं काम बघायला माणूस हवंय. महाडला येता का?"

दर्शनाच्या हातातला झारा तसाच राहिला. महाडला येता का! तिला दुसरं काही नकोच होतं. बाजारपेठ, स्टुडिओचा वास, रस्त्यात भेटणारी ओळखीची माणसं, आणि कामावर जायचं म्हणून रोज सकाळी दाराला कडी लावून बाहेर पडणं. रंगूबाईंना टाकून जायचा विचार तिच्या मनात एकदाही आला नाही. महाडात दोन खोल्या घ्यायच्या, त्यांना बरोबर न्यायचं, तिथं शेजार असतो, व्यायाम घेणारे डॉक्टर असतात. तिनं सगळं मनात मांडून ठेवलं आणि अनिलला सांगितलं.

अनिल म्हणाला, "आईला कोण समजावणार? माझं तर ती ऐकत नाय. त्या मॅडम सोता येऊन बोलल्या, अन् आय हो म्हणाली, तर माझं काय नाय. बिनधास्त जा."

एवढा स्पष्ट होकार त्यानं लग्नाच्या बोलणीतही दिला नव्हता. दर्शनानं लगेच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "अहो, आनंदानं येते! येत्या रविवारीच येतो सगळे. आधी तुम्ही आम्हाला तुमच्या रानात घेऊन चला, निखार दाखवा, मग निवांत बसून सासूबाईंशी बोलते."

फोन ठेवल्यावर दर्शना खिडकीपाशी आली. कुठलं रान दाखवणार? रान म्हणजे एक झाड, आणि त्याच्या अलीकडं वाळत घातलेलं लुगडं. नको म्हणावं तर मॅडम येत नाहीत, आणि मॅडम आल्या नाहीत तर महाड नाही. येऊ द्यावं तर ही बाई खोटारडी आहे हे सगळ्यांना दिसणार, आणि खोटारड्या बाईला दुकानात कोण घेतं? दोन्हीकडून दारं बंद, आणि दोन्हीला कड्या तिनंच लावलेल्या.

त्यात पांडू आला. पांडू हा अनिलचा चुलतभाऊ, शकूचा नवरा. दोन्ही घरांची शेती तोच बघतो. भाताची रोपं जिथं करायची ती जागा उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून भाजावी लागते, त्याला राब म्हणतात. त्यासाठी थंडीत झाडांच्या डहाळ्या तोडून वाळत टाकायच्या. ऐन आणि किंजळ ही त्यासाठीची हक्काची झाडं. पांडू कोयती घेऊन परसात उभा राहिला आणि किंजळीकडं वर बघू लागला, तशी दर्शना खिडकीतून ओरडली.

"भावजी, आज नको! रविवार होऊन जाऊ द्या."

"का वयनी? किंजळीचं लगीन हाय काय रविवारी?"

"पाहुणे यायचेत."

"मग पावनं झाडावर बसनार हायत?"

पण तिचा चेहरा बघून तो वरमला. "बरं. सोमवारी मात्र थांबनार नाय. डहाळं वाळाया नको? मागनं राब ओला राहिला तर मलाच बोलशाल."

तो निघाला तसं तिनं त्याला विचारलं, सहज विचारल्यासारखं, वरच्या सड्याची पायवाट आता कशी आहे, पाहुण्यांना न्यायचं होतं. पांडू तिच्याकडं बघतच राहिला. "कुठली पायवाट? ती तर गेल्या पावसात दरडीनं नेली. तुमाला ठावं नाय?"

नव्हतं ठाऊक. ज्या वाटेनं रोज उजाडायच्या आत निघते म्हणून ती महाडला सांगत होती, ती वाटच जाग्यावर नव्हती, आणि त्याच वाडीत राहून तिला हे कुणाकडून तरी कळत होतं. त्या दिवशी दर्शना चुलीपाशी बसून रडली. पडवीतून हाक आली तेव्हा डोळे पुसून "आहे हो" म्हणाली.

रविवारी दोन गाड्या आल्या. रानात दिसू नये म्हणून सगळ्यांनी हिरवे-करडे कपडे घातले होते, आणि त्यामुळे ते अख्ख्या वाडीला लांबून दिसले. कुत्री त्यांच्या मागं लागली. सगळ्यांत पुढं प्रियदर्शिनी मॅडम, त्यांच्या मागं विनीत नावाचा बँकेतला तरुण, त्याच्या खांद्यावर तान्ह्या पोराएवढी कॅमेऱ्याची नळी. दर्शनानं नवी साडी नेसली होती. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं: वाट दरडीत गेली, आज जाता येणार नाही, माफ करा. म्हणजे खोटं झाकलं जाईल आणि मॅडम बोलायला बसतील. शब्द तोंडात घोळवत ती पुढं झाली.

पण रंगूबाई पडवीत बसल्या होत्या, आणि कित्येक दिवसांनी त्यांना बोलायला इतकी माणसं मिळाली होती. मॅडम त्यांच्या पाया पडल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुमची सून म्हणजे वाघीण आहे. आम्हाला आज तिच्याबरोबर रानात जायचंय."

"कुठल्या रानात?" रंगूबाई म्हणाल्या. "ही बया कुठं जातीय रानात? माजं हाड मोडल्यापास्नं घराभाईर पाय नाय टाकला तिनं. ती तांबडी पाखरं ना? चुलीमागच्या खिडकीतनं काढती. भाकऱ्या करपवती नि फोटू काढती."

सगळ्यांनी वळून दर्शनाकडं पाहिलं.  दर्शनाला वाटलं, जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं. रंगूबाईंना आपण काय केलं याची कल्पनाही नव्हती. त्यांनी सुनेचं कौतुकच केलं होतं. दर्शनानं कसंबसं म्हटलं, "हो. खिडकीतूनच काढते. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मॅडमनी चष्मा वर केला. "खिडकीतून? सगळे? दाखव बघू."

सगळे आत आले. चपला काढायचं कुणाला सुचलं, कुणाला नाही. आणि नशीब म्हणा की काय म्हणा, तेव्हाच निखारांचा थवा किंजळीवर उतरला. ऊन कोवळं होतं, झाड पेटल्यासारखं दिसत होतं, आणि नर हिरव्या पानांपुढं येऊन असा बसला की जणू त्याला कुणी पढवून ठेवलं होतं. विनीतच्या तोंडून नुसता "आई शप्पथ" एवढाच शब्द निघाला. मग गडबड उडाली. नळ्या गजांतून बाहेर आल्या. कुणी पिंपावर चढलं, कुणी पाट्यावर उभं राहिलं. दर्शनानं धावत जाऊन दोरीवरचे कपडे काढले.

"ताई, हे तर तयार लपण आहे!" विनीत म्हणाला. "पाखरांना आपण दिसतच नाही. आम्ही कुठं कुठं काट्याकुट्यांत तासन्तास पडून राहतो, आणि तुम्ही चुलीपाशी बसून! नशीबवान आहात हो."

मॅडम मोठ्यानं हसल्या. "अगं वेडे, हे आधीच का नाही सांगितलंस? उजाडायच्या आत निघते म्हणे! केवढा चढ म्हणे!" सगळेच हसले, दर्शनाही हसली. तिचा जीव भांड्यात पडला. लबाडी उघडी पडली आणि कुणी रागावलंसुद्धा नाही. मॅडम तिला अगंतुगं करत होत्या, म्हणजे घरचीच धरली होती. आता त्या बाहेर जातील, आईंशी बोलतील. तिनं चहाला आधण ठेवलं. त्या क्षणी तिला वाटलं, महाड आता फार लांब नाही.

मॅडम खरंच पडवीत जाऊन बसल्या. अनिललाही फोन लावला आणि तो रंगूबाईंपुढं धरला, म्हणजे सगळ्यांना ऐकू यावं. दर्शना चहाचे कप ट्रेमध्ये मांडत होती, आणि पडवीतला शब्दन् शब्द आत येत होता.

"अनिलराव, मी आले होते तुमच्या बायकोला महाडला न्यायला. पण इथं आल्यावर माझं मतच बदललं. तिला कुठं जायची गरजच नाही! अहो, लोक एवढ्या लांब लांब जातात पाखरं बघायला. आम्हीच येऊ ना दर रविवारी. चार-चार माणसं आणू, खिडकीशी बसतील, जेवतील, योग्य ते देतील. आणि आल्बमचं काम मी इथंच पाठवीन, लॅपटॉप आहेच तिच्याकडे."

"मॅडम," अनिलचा आवाज आनंदानं फुटत होता, "मी हेच बोलत होतो तिला! गावात राहूनच कायतरी चालू कर. एकदम बरोबर बोललात. आये, ऐकतीस ना?"

"ऐकते," रंगूबाई म्हणाल्या. "मला घर सोडाया नको, मानसांची जाग राहील, अन् पोरगी डोळ्यापुढं राहील. देव पावला बाय."

पांडूलाही हाक गेली. किंजळीला कोयती लावायची नाही, असं मॅडमनी त्याला बजावलं. राबाला दुसऱ्या झाडांचा पाला घ्यावा, त्याच्या त्रासाचं बघू. पाहुण्यांना रस्त्यावरून घेऊन यायचं कामही त्याच्याकडं आलं. पांडू खूश झाला. किंजळ वाचली होती. ज्या झाडासाठी दर्शना काकुळतीला आली होती ते आता कुणीच तोडणार नव्हतं. घरात ज्याला जे हवं ते मिळालं होतं, आणि कुणाचा हेतू वाईट नव्हता.

ट्रे घेऊन ती खिडकीपाशी आली. मॅडमही पाठोपाठ आत आल्या. आता बोललं नाही तर परत कधीच बोलता येणार नाही, हे तिला स्पष्ट कळत होतं.

"मॅडम, पण मला महाडला..."

"अगं, काय आहे महाडात? धूळ नि हायवे! इथं तुझ्या दारात स्वर्ग आहे."

"तसं नाही. मला जरा..." बाहेर पडायचंय, असं तिला म्हणायचं होतं. पण बाहेर पडायचंय म्हणजे सासूबाईंपासून सुटायचंय असं होईल का? अनिलच्या कानावर गेलं तर? 

"ताई, जरा मागं सरकता का?" विनीत दाराशी गुडघ्यावर बसून आतून खिडकीचा फोटो घेत होता. "फोटोत येताय."

ती मागं सरकली. मॅडमनी ट्रेमधला कप उचलला आणि चहाची तारीफ केली. तेवढ्यात पडवीतून हाक आली, "दर्शने!" आणि दर्शनाच्या तोंडून सवयीनं निघालं, "आहे हो आई."

दुपारी गाड्या गेल्या. मॅडम पुढच्या रविवारची माणसं ठरवूनच गेल्या. अनिलचा फोन आला. तो इतका खूश होता की त्यानं आपणहून विचारलं, तुला काय हवंय ते सांग, शिमग्याला घेऊन येतो. ती म्हणाली, काही नको. तो म्हणाला, टेन्शन नको घेऊ गो, आता तर तुझं एकदम सेट झालं.

सोमवारी दुपारी रंगूबाईंचा डोळा लागला होता. मॅडमनी एक फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं: "आपल्या रविवारच्या पोस्टरसाठी विनीतचा हा घ्यायचा आहे. गज राहू देत, त्यांनीच मजा येते. फक्त क्रॉप नीट करून दे. तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

दर्शनानं फोटो लॅपटॉपवर मोठा केला. अंधारं स्वयंपाकघर, उजेडानं भरलेली खिडकी, गजांच्या पलीकडं तांबूस किंजळ आणि तिच्यावर निखाराचा नर. आणि उजव्या कडेला ती स्वतः. हातात ट्रे, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी सांगता सांगता थांबलेलं. स्वतःचा असा फोटो तिनं कधी पाहिला नव्हता. ती बराच वेळ त्या बाईकडं बघत राहिली. बाई काय म्हणत होती ते फोटो बघून कुणालाही कळलं नसतं.

आधी तिनं त्या बाईला सबंध आत ठेवून बघितलं. पाखरू इवलंसं झालं, पोस्टरला ते चालणारं नव्हतं. मग चौकट खांद्यापर्यंत आणली, तर कोपरापासूनचा हात आणि ट्रे तेवढे हवेत लोंबकळत राहिले. स्टुडिओत मालक ओरडायचे, माणूस सांध्यावर कापू नका, तुटल्यासारखा दिसतो. ठेवायचा तर पुरता ठेवा, नाहीतर पुरता काढा. बरोबर होतं त्यांचं. तिनं चौकटीची कड धरली आणि ट्रेच्याही पलीकडं, खिडकीच्या गजांशी नेऊन सोडली.

फोटो झकास झाला होता. तिनं तो पाठवला. मॅडमचं लगेच उत्तर आलं: "वा! आता कसा मोकळा वाटतो."